पाहुणे कापून टाका
ओरोसला एका निवृत्त ओळखीच्यांकडे जुना अल्बम चाळला. १ मे १९८१ला आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि मुख्यालयासाठी ओरोसला सिंधुदुर्गनगरी आखली गेली, त्या सुरुवातीच्या वर्षांतला. हार, नारळ, फीत, सफारीतले पुढारी. नगरी मात्र शोधावी लागते! एका फोटोत कनातीमागे चुकून जांभ्या चिऱ्यांची रास आणि डोईवर घमेलं घेतलेली बाई आलीय. अख्ख्या अल्बमात तेवढाच फोटो कामाचा. चंदीगड उभं राहताना पिएर जानरे, खुद्द वास्तुकार, कॅमेरा घेऊन फिरायचा. आपला फोटोग्राफर पाहुण्यांमागे. तुमच्या पोटमाळ्यावर असे फोटो असतील तर काढा बघू खाली. पाहुणे कात्रीने कापलेत तरी चालेल.