कढईच्या तळाशी

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दादर स्टेशनाबाहेर पडलं की वडा दिसायच्या आधी तेलाचा वास येतो. धंद्यातल्या माणसाला त्या वासावरून कळतं, हे तेल आज सकाळचं, कालचं की परवाचं. गिऱ्हाईकाला कळत नाही. तो घामाघूम असतो, हातात वीसची नोट असते आणि डोळे इंडिकेटरवर. त्याच्या या न कळण्यावर आपला धंदा किती उभा आहे, याबद्दल या महिन्यात जरा उघड बोलायचं आहे. राग आला तर पत्र लिहा, छापू.

आधी स्वतःची कबुली. संपादकाच्या खुर्चीत बसायच्या आधी मी नऊ वर्षं उपाहारगृह चालवलं. रात्री कढईत उरलेलं तेल सकाळच्या नव्या तेलात ओतायचो. आमचा वस्ताद कुरकुरायचा, “मालक, जुनं नव्याला बिघडवतं.” मी म्हणायचो, तू वडे तळ. वस्ताद बरोबर होता. तळाशी राहिलेला बेसनाचा चुरा पुन्हा पुन्हा जळतो, त्यानं तेल काळं पडतं, फेसाळतं, कमी आचेवरच धूर सोडायला लागतं. आणि मला फार उशिरा समजलेली गोष्ट अशी की थकलेलं तेल वडा जास्त पितो. मी जे वाचवत होतो ते गिऱ्हाईकाच्या कागदावर डाग होऊन जात होतं.

नियम काय सांगतो? जुलै 2018 पासून तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागतं त्यांनी वापराची नोंद ठेवायची. आपल्यातल्या बहुतेक गाड्या या 50 लिटरच्या आसपासही जात नाहीत, त्यामुळे वही नाही आणि वही नाही म्हणून हिशेबही नाही. तो आज इथेच करू. कढईत पाच लिटर तेल धरा. रात्री त्यातलं दीड लिटर बाजूला काढलं आणि लिटरला दीडशे रुपये धरले, तर सव्वादोनशे रुपये गेले. दिवसाला चारशे वडे जात असतील तर वड्यामागे 56 पैसे. बाजूला काढलेलं तेल बायोडिझेलसाठी नेणारे अधिकृत लोक आहेत, त्यांच्याकडून थोडेफार परत येतात. म्हणजे छप्पन्न पैशांसाठी आपण दिवसभर काळ्या कढईसमोर उभे राहतो, आणि त्याच वड्यावर चीज किसायला मात्र हात सढळ होतो.

माझं खरं दुखणं हे आहे. जे दिसतं त्यावर आपण पैसे उधळतो आणि जे दिसत नाही तिथे कात्री लावतो. शेजवान, मेयोनीज, चीजचा डोंगर, मोबाइलसमोर लोणी उडवणारा तवा. खाली बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असतं. असा वडा गरम असेपर्यंत निभावतो. दहा मिनिटांत त्याचं कवच कातड्यासारखं होतं. 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं, तेव्हा आपली कॉलर ताठ झाली होती. त्यातून आपण काय शिकलो? चीज मिसळ. कटाला सुकं खोबरं आणि कांदा नीट भाजायला वेळ लागतो, तो कोणी दिला नाही. वाटीत मूठभर मटकी, वर फरसाणाची रास आणि सगळ्यावर ओतलेली लाल रंगाची तर्री, यालाही आता मिसळच म्हणतात.

इडलीवाल्यांनी गालात हसू नये. मुंबईच्या दमट हवेत पीठ रात्रभरात आपसूक फुगून येतं, ही निसर्गानं दिलेली सवलत आहे. डिसेंबर-जानेवारीचे थोडे दिवस सोडले तर सोड्याची गरज कुठे पडते? तरी सकाळी घाईनं वाटलेल्या पिठात चिमूट पडतेच. ती इडली फुगते छान. खाल्ल्यावर तासभर तहान लागते.

आता बसून खायच्या हॉटेलांकडे. परवा अंधेरीत एका ठिकाणी हातात आलेलं कार्ड बारा पानांचं होतं: साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज, मेक्सिकन, शिवाय ‘जैन उपलब्ध’. आतलं स्वयंपाकघर किती, तर दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागं सरावं लागतं. यामागची किमया आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी तीन ग्रेव्ह्या लागतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजूची पांढरी, तळलेल्या कांद्याची तपकिरी. यांच्या बेरीज-वजाबाकीतून दुपारपर्यंत साठ भाज्या जन्माला येतात. व्हेज कोल्हापुरीत दोन मिरच्या जास्त, मखनवालात साखर जास्त. ग्रेव्ही आधी करून ठेवण्यात पाप नाही. दुपारच्या गर्दीत त्याशिवाय टेबल सुटणारच नाही. पण पांढऱ्या ग्रेव्हीतला काजू हळूहळू मगजबीनं बदलला, मग मगजबीही पातळ झाली, आणि कार्डावरचा भाव काजूचाच राहिला. पुन्हा तेच, न दिसणाऱ्या जागी कात्री.

कार्ड लांबण्याला कारणं आहेत, ती नाकारत नाही. पाच जणांचं कुटुंब आलं तर पाच तोंडांना पाच पदार्थ हवे असतात. ॲपवर जितके पदार्थ तितक्या वेळा आपलं नाव वर येतं, असं ॲपवाले आपल्या गळी उतरवतात. शिवाय ‘नाही’ म्हणायची भीती. पण माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगकडे बघा. 1942 सालापासून ते थाळीवर उभं आहे. तिथे कोणी मंच्युरियन मागत नाही, कारण मागायला जागाच ठेवलेली नाही.

आणि हो, इराण्यांबद्दल सध्या फार गळे काढले जातात. 1904 ची कयानी, 1923 ची ब्रिटानिया अजून उभ्या आहेत याचा मलाही आनंद आहे. पण एका चहावर दोन तास बसून जुन्या खुर्च्यांचे फोटो काढणाऱ्यांनी कोणाचं भाडं निघत नाही. ते दुसरा ब्रूनमस्का मागवतील तर बरं.

पावाचा विषय निघालाच आहे तर एक तातडीची गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये हवेच्या प्रदूषणावरून लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. लाकूड म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा भंगारातलं, रंग लावलेलं, प्लायवूडचं. त्या धुरात बेकरीतला कारागीर रात्रभर उभा राहतो, हे आपण लादी उचलताना कधी मनात आणलं नाही. गॅस किंवा विजेवरच्या ओव्हनचा खर्च लादीवर पडणारच. बेकरीवाल्यानं भाव वाढवला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्यानं वाढवायच्या ऐवजी पाव लहान केला, तर मात्र घाला.

गाडीवाल्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. 2014 साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला, तरी इतक्या वर्षांनी या शहरात हजारो गाड्यांकडे जागेचा कागद नाही. ज्याची कढई उद्या पालिकेची गाडी उचलून नेऊ शकते, तो स्टीलची जाळी, झाकणाची टाकी, गाळणी कशाला घेईल? ज्यांना हप्ता द्यावा लागतो, तो पैसा वड्यातूनच निघतो आणि पहिला फटका तेलाला बसतो. आरोग्य खात्यानं नोटीस द्यायच्या आधी परवाना खात्याला हे विचारावं. पण आपणही प्रत्येक गोष्ट हप्त्यावर ढकलू नये. रद्दी पेपरात वडा बांधायला कोणी हप्ता मागितलेला नाही. अखाद्य बर्फ निळा करायचा हा नियम 2018 चा आहे. निळी लादी फोडून सरबतात घालणाऱ्याला तर काही सबबच उरत नाही, तिथे डोळ्यांना दिसतं.

एका गाडीवाल्यानं गेल्या वर्षी भाव दोन रुपयांनी वाढवला आणि पाटीवर खडूनं लिहिलं, ‘तेल रोज बदलतो म्हणून.’ पहिले पंधरा दिवस गल्ला पडला. बायको वैतागली, शेजारचा गाडीवाला हसला. नंतर रिक्षावाले परत आले, मग शाळेतल्या बाया. सगळे आले असं तो म्हणत नाही. आधी साडेचारशे वडे जायचे, आता चारशेच्या आत जातात; पण रात्री हातात उरतं ते तेवढंच, असं तो सांगतो. मी त्याची कढई पाहिली. तळ दिसत होता.

या अंकाच्या मधल्या पानावर तेलाच्या नोंदीचा तक्ता दिला आहे: तारीख, किती ओतलं, किती काढलं, किती घाणे निघाले. कात्रीनं कापून कढईशेजारच्या भिंतीला लावा. तेलकट होऊन वाचेनासा झाला की कळवा, दुसरा पाठवू. पैसे लागणार नाहीत.