महागाई भत्ता : थांबवणे आणि बुडवणे

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने करोनाच्या संकटात, २३ एप्रिल २०२० रोजी काढलेल्या कार्यालयीन आदेशान्वये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतनधारकांचा महागाई दिलासा १७ टक्क्यांवर गोठवण्यात आला, आणि १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० व १ जानेवारी २०२१ या तीन तारखांपासून देय होणारे हप्ते दिले जाणार नाहीत असे ठरले. यांपैकी पहिल्या, चार टक्क्यांच्या हप्त्याला मंत्रिमंडळाने सहाच आठवड्यांपूर्वी, १३ मार्चला, मंजुरी दिली होती. १ जुलै २०२१ पासून दर एकदम २८ टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मात्र मूळ आदेशातच नाकारलेली होती आणि ती पुढेही मिळाली नाही. सुमारे ४८ लाख कर्मचारी आणि ६५ लाख निवृत्तिवेतनधारक यांच्याशी संबंधित असलेल्या या निर्णयातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले, अशी माहिती सरकारने २०२३ मध्ये लोकसभेत दिली. संकटकाळात सरकारला देणे थांबवता येते की नाही, हा या प्रकरणातील खरा प्रश्न नाही. थांबवलेले देणे संकट सरल्यावर बुडवता येते काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम महागाई भत्ता म्हणजे काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या वादातील बराच गोंधळ ‘भत्ता’ या शब्दातूनच जन्मतो. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे कामगार कुटुंबाच्या नेहमीच्या गरजेच्या वस्तू व सेवांच्या किमतींची एकत्रित सरासरी, केंद्रीय श्रम मंत्रालयाचा लेबर ब्युरो दरमहा प्रसिद्ध करतो. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या, त्यामुळे त्या वेळच्या पातळीच्या तुलनेत या निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी किती टक्क्यांनी वाढली ते पाहून वर्षातून दोनदा भत्त्याचा दर ठरतो. दर ठरवताना मागील बारा महिने मोजले जातात आणि घोषणा त्यानंतर काही महिन्यांनी होते; म्हणजे भाव आधी वाढतात, पदरमोड आधी होते आणि भरपाई मागाहून येते. ज्या वेतनाने २०१६ मध्ये जेवढा बाजार करता येत होता तेवढाच आज करता यावा, एवढीच या व्यवस्थेची महत्त्वाकांक्षा आहे.

गोठवणुकीच्या समर्थकांचा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो नीट मांडणे न्याय्य ठरेल. त्यांचे पहिले म्हणणे असे की टाळेबंदीत कोट्यवधी लोकांचा रोजगार गेला असताना ज्यांची नोकरी आणि मूळ वेतन सुरक्षित राहिले त्यांनी एवढा त्याग करणे हे कर्तव्यच होते. दुसरे, भत्ता थांबला तरी तीन टक्क्यांची वार्षिक वेतनवाढ चालू होती, तेव्हा वेतन गोठले असे म्हणणेच चुकीचे आहे. तिसरे, तिजोरीत पैसा नव्हता आणि जो होता तो आरोग्यावर व गरिबांच्या धान्यावर खर्च करणे भाग होते. चौथे, वेतन वाढले की मागणी वाढते, मागणीने भाव वाढतात आणि भाव वाढले की पुन्हा वेतन वाढवावे लागते, हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. पाचवे, देशातील बहुसंख्य कष्टकऱ्यांना महागाई भत्ता मिळतच नाही. मग करदात्यांच्या पैशाने एका वर्गालाच महागाईपासून संरक्षण का द्यावे?

त्यागाच्या युक्तिवादातील नैतिक बळ मान्य केले तरी त्यागाचे माप आणि वाटप हे प्रश्न शिल्लक राहतातच. भत्त्याची टक्केवारी शिपायाला आणि सचिवाला सारखीच असते, परंतु ज्याच्या वेतनाचा मोठा हिस्सा अन्नधान्यावर जातो त्याच्या घरी तीच टक्केवारी अधिक खोल कापते. गोठवणुकीच्या आदेशात हा भेद केलेला नव्हता. याउलट महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० चे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरवले तेव्हा पहिल्या टप्प्यात अ आणि ब वर्गाला निम्मे, क वर्गाला पंचाहत्तर टक्के आणि ड वर्गाला पूर्ण वेतन देण्याची श्रेणीबद्ध पद्धत स्वीकारली. त्याच काळात आणि त्याच संकटात भेद करणे प्रशासनाला शक्य होते, हे त्यावरून दिसते.

वेतनवाढीचा दाखला दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. वार्षिक वेतनवाढ ही सेवेतील अनुभवाची दखल असते, तर महागाई भत्ता ही रुपयाच्या घसरणीची भरपाई असते. एकीने दुसऱ्याची जागा भरून काढली असे मानल्यास अनुभवाची किंमत शून्य धरावी लागेल. शिवाय निवृत्तिवेतनधारकांना वार्षिक वेतनवाढ मिळतच नाही, आणि या निर्णयाच्या कक्षेत त्यांची संख्या कर्मचाऱ्यांहून अधिक होती.

गोठवणुकीचा घरखर्चावरील परिणाम किमान वेतनश्रेणीच्या उदाहरणातून जवळून पाहता येतो. सातव्या वेतन आयोगानुसार किमान मूळ वेतन १८,००० रुपये आहे. वार्षिक वेतनवाढ आणि घरभाडे भत्त्यासारख्या बाबी बाजूला ठेवून केवळ महागाई भत्ता मोजला, तर जानेवारी ते जून २०२० मध्ये चार टक्क्यांचे दरमहा ७२० रुपये, पुढील सहा महिन्यांत सात टक्क्यांचे १,२६० रुपये आणि जानेवारी ते जून २०२१ मध्ये अकरा टक्क्यांचे १,९८० रुपये, अशी एकूण २३,७६० रुपयांची रक्कम त्या कर्मचाऱ्याच्या हाती आली नाही. ९,००० रुपये किमान निवृत्तिवेतन असलेल्या वृद्धाच्या बाबतीत हीच रक्कम ११,८८० रुपये होते.

या आकड्यांचा खरा भार समजण्यासाठी पगारपत्रकातील कपातीचा रकाना पाहावा लागतो. भविष्यनिर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, गटविमा आणि कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो. घरकर्जाचा हप्ता बँकेतून ठरलेल्या तारखेला जातो. घरभाडे आणि शाळेची फी यांनाही थांबायला सांगता येत नाही. समजा, २८ टक्के भत्त्यासह देय असलेल्या २३,०४० रुपयांपैकी १०,५०० रुपये अशा ठरीव खर्चात जातात, तर घरखर्चाला १२,५४० रुपये उरायला हवेत, पण १७ टक्के भत्त्यावर १०,५६० रुपयेच उरतात. पगारात साडेआठ टक्क्यांची दिसणारी तूट किराणा, भाजी, दूध, गॅस, औषधे आणि प्रवास यांच्या वाट्याला येताना जवळपास सोळा टक्क्यांची होते, कारण काटछाट फक्त तेथेच करता येते. मग महिन्याच्या यादीतून आधी शेंगदाणे आणि फळे गळतात, तेलाच्या पाच लिटरच्या डब्याऐवजी सुटी पिशवी येते, तपासणीसाठी डॉक्टरकडे जाणे पुढच्या महिन्यावर ढकलले जाते आणि सणाला भिशीचा किंवा पतसंस्थेचा आधार घ्यावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश योग्यच आहे, पण तो करणाऱ्याने अंथरूण मध्येच आखूड करू नये एवढी अपेक्षा गैर ठरत नाही.

याच काळात बाजार स्वस्त झाला असता तर गोठवणुकीचे काही समर्थन करता आले असते. प्रत्यक्षात २०२०-२१ या आर्थिक वर्षात किरकोळ महागाईचा सरासरी दर सहा टक्क्यांच्या वर, म्हणजे रिझर्व्ह बँकेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्याही पलीकडे, राहिला. मुंबईत घरगुती गॅस सिलिंडर नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना मिळत होता, तो जुलै २०२१ मध्ये ८३४ रुपये ५० पैशांवर गेला. पेट्रोलने मे २०२१ च्या अखेरीस तेथे लिटरला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. या दरवाढीत कराचाही वाटा होता, कारण मे २०२० मध्ये केंद्राने इंधनावरील करात पेट्रोलसाठी लिटरमागे १० आणि डिझेलसाठी १३ रुपयांची वाढ केली होती. महागाई वाढवणारा कर आणि महागाईची भरपाई रोखणारा आदेश, हे दोन्ही एकाच मंत्रालयातून अवघ्या काही दिवसांच्या अंतराने निघाले.

तिजोरी रिकामी असल्याच्या युक्तिवादाचे उत्तर याच घटनाक्रमात आहे. महसूल आटला होता हे खरे, पण कोणाकडून घ्यायचे आणि कोणाला सोडायचे ही निवड सरकारच्याच हाती होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचे दर कमी करताना वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज सरकारनेच दिला होता. गोठवणुकीतून अठरा महिन्यांत वाचलेली रक्कम त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. कंपनी करातील सवलत योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे. येथे मुद्दा इतकाच की ‘पैसा नव्हता’ हे विधान प्राधान्यक्रमावर पांघरूण घालते.

वेतन आणि भाव यांच्या चक्राचा सिद्धांत १९७४ साली काही प्रमाणात लागू पडत होता, कारण तेव्हा महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली होती. २०२० मध्ये मात्र अर्थव्यवस्थेला मागणीच्या अतिरेकाने नव्हे तर मागणीच्या अभावाने ग्रासले होते. एप्रिल ते जून या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन प्राथमिक अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. हे निदान सरकारलाही मान्य होते, कारण १२ ऑक्टोबर २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बाजारात मागणी यावी म्हणून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच १०,००० रुपयांच्या बिनव्याजी उत्सव अग्रिमाची घोषणा केली. ही उचल दहा हप्त्यांत पगारातून वळती व्हायची होती. कर्मचाऱ्याच्या खिशात पैसा गेला तर महागाई भडकेल असे एप्रिलमध्ये आणि तो गेला नाही तर बाजार उठणार नाही असे ऑक्टोबरमध्ये म्हणता येत नाही. त्यातही हक्काचे पैसे रोखून त्याच माणसाला उसने पैसे देणे, हे अर्थशास्त्रापेक्षा सावकारीच्या अधिक जवळ जाते.

समतेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. कंत्राटी कर्मचारी आणि मानधनावर राबणाऱ्या आशा सेविका यांना महागाई भत्त्याचे संरक्षण नाही. मात्र एकाचे छप्पर काढल्याने दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर येत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या कक्षेतील कामगारांना निर्देशांकाशी जोडलेला ‘विशेष भत्ता’ देय असतो आणि त्याचे दर सहा महिन्यांनी बदलतात. म्हणजे भावाशी वेतन जोडण्याचे तत्त्व केवळ सरकारी नोकरांपुरते नाही. सरकार हा सर्वांत मोठा आणि सर्वांना दिसणारा मालक आहे, आणि तोच हे तत्त्व सोयीनुसार मोडू लागला तर खासगी मालकाला ते पाळायला सांगण्याचा त्याचा अधिकार दुबळा होतो. समतेची मागणी प्रामाणिक असेल, तर तिने विशेष भत्त्याची व्याप्ती आणि अंमलबजावणी वाढवण्याचा आग्रह धरला पाहिजे.

आता मंडनाकडे वळता येईल. देणे थांबवूनही ते न बुडवण्याचा मार्ग याच देशाने चोखाळलेला आहे. १९७४ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यान्वये वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत वळवण्यात आला. त्या पावलालाही कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला होता, पण ती रक्कम कर्मचाऱ्याच्या नावे जमा राहिली आणि व्याजासह हप्त्याहप्त्याने परत करण्याची तरतूद कायद्यातच होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील लांबवलेले वेतन आणि निवृत्तिवेतन सहा टक्के व्याजासह देण्याचा आदेश दिला. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये, गोठवणुकीच्या काळात निवृत्त झालेल्यांचे उपदान आणि शिल्लक रजेचे रोखीकरण मोजताना भत्त्याचे दर २१, २४ आणि २८ टक्के असे काल्पनिकरीत्या धरण्यास मान्यता दिली. जे दर हिशेबाच्या कागदावर खरे मानले जातात, ते त्याच महिन्यांच्या पगारासाठी खोटे कसे ठरतात, याचे उत्तर त्या आदेशात सापडत नाही.

यातून भविष्यासाठी चार नियम निष्पन्न होतात. गोठवणूक कार्यालयीन आदेशाने नव्हे तर विधिमंडळात चर्चा होऊन झालेल्या कायद्याने व्हावी; रोखलेली रक्कम कर्मचाऱ्याच्या नावे जमा राहून व्याजासह परत करण्याची तारीख त्याच कायद्यात असावी; किमान श्रेणीतील कर्मचारी आणि अल्प निवृत्तिवेतनधारक यांना गोठवणुकीतून वगळावे; आणि गोठवणूक चालू असेपर्यंत इंधन व अन्न यांवरील अप्रत्यक्ष कर वाढवू नयेत. ही चौकट पाळणाऱ्या सरकारला संकटकाळात कर्मचाऱ्यांकडे सहकार्य मागण्याचा पूर्ण अधिकार राहील.

किमान श्रेणीतील कर्मचाऱ्याचे २३,७६० रुपये सरकारसाठी ३४,४०२ कोटींच्या बचतीतील एक कण असतील. त्या घरासाठी ते दीड वर्षाचे तेल, डाळ आणि औषध होते. ही रक्कम संकटात थांबवली, इतकेच समर्थनीय होते. संकट सरल्यावर ती परत न करणे ही काटकसर नव्हे, थकबाकी आहे, आणि थकबाकी मागण्याने नव्हे तर फेडण्यानेच मिटते.