काठी कोणत्या हातांत?

साताऱ्यांतील चढउताराचे रस्ते काय किंवा सांगलींत कृष्णाघाटाच्या पायऱ्या काय, मनुष्याच्या चालीची परीक्षा पाहणारीं स्थळें आमच्या ह्या भागांत विपुल आहेत. तरुणपणीं त्यांकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. पुढें घरांतील एखादें वडील माणूस हळूहळू देवदर्शनास जाण्याचें टाळूं लागतें, आणि घरचीं माणसें 'आतां वय झालें' एवढें म्हणून स्वस्थ बसतात. हें स्वस्थ बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. चालण्याचें शास्त्र थोडेंसें जाणलें, तरी वडिलांचे पुष्कळसे कष्ट टळतील.

चालणें म्हणजे आळीपाळीनें एकेका पायावर उभें राहणें होय. एक टाच टेकल्यापासून तीच पुन्हां टेकेपर्यंतच्या काळाचे १०० भाग कल्पिले, तर सुमारें ६० भाग तो पाय जमिनीवर व ४० भाग अधांतरीं असतो. दोन्ही पाय एकदम टेकलेले असे भाग अवघे २०. उरलेल्या वेळीं सारा देह एकाच खुब्यावर तोलला जातो. हा खुबा म्हणजे विषम दांडीची तागडीच. एकीकडे देहाचा भार, दुसरीकडे कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायु. स्नायूंची बाजू आंखूड असल्यामुळें त्यांस फार जोरानें ओढावें लागतें, व खुब्यावर देहभाराच्या दुपटीतिपटीनें दाब येतो. हे स्नायु दुबळे झाले, कीं मनुष्य तोल राखण्यासाठीं त्याच बाजूस अंग झुकवून चालतो. डॉ. वॉन्लेस यांनीं मिरजेस रुग्णालय काढलें तें १८९४ सालीं. पुढच्याच वर्षीं जर्मनींत ट्रेंडेलेनबुर्ग ह्या शस्त्रवैद्यानें अशा झुकत्या चालीचें मूळ स्नायूंच्या दुर्बलतेंत आहे, असें दाखविलें.

आतां काठीचा विचार करूं. बहुतेकांस वाटतें, कीं उजवा पाय दुखत असेल तर काठी उजव्या हातांत धरावी. वस्तुतः ती डाव्या हातांत हवी, आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढें पडावी. दुखऱ्या खुब्यापासून ती दूर टेकल्यामुळें हाताच्या थोड्याशा दाबानेंहि स्नायूंचें बरेंच काम हलकें होतें. हात सरळ सोडून उभें राहिलें असतां काठीची मूठ मनगटाच्या रेषेशीं यावी. टोंकास रबराची टोपी असावी. जिना चढतांना चांगला पाय आधीं टाकावा, कारण वर टाकलेला पायच देह उचलतो. उतरतांना काठी व दुखरा पाय आधीं, म्हणजे देह सांवरण्याचें काम मागें राहिलेल्या चांगल्या पायाकडे जातें.

तथापि काठी म्हणजे सर्व उपचार नव्हे. खुब्याच्या विकाराची वेदना कित्येकदां गुडघ्यांत जाणवते. म्हणून दुखतें तेथेंच दोष आहे असें धरून तेल चोळीत बसूं नये. फिजिओथेरपीचा जाणता उपचारक रोग्यास अनवाणी चालवून पुढून, मागून व बाजूनें पाहतो, वहाणांची झीज तपासतो, आणि मग नेमक्या स्नायूंस व्यायाम देतो. हें शिक्षण देणारें महाविद्यालय आज कऱ्हाडासहि आहे. मात्र पाऊल एकाएकीं फरफटूं लागल्यास क्षणाचाहि विलंब न करितां रुग्णालय गांठावें.

काठी घेण्याची वडिलांस लाज वाटते व पडण्याची भीति वाटते. ह्या दोहोंमुळें तीं घरांतच कोंडून घेतात, आणि न चालल्यानें स्नायु अधिकच दुबळे होतात. म्हणून आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं त्यांचें वय मोजण्यापूर्वीं त्यांची चाल एकवार लक्षपूर्वक पाहावी.