चाकांवरचा चौका

गोंदियाहून आमगाव, सालेकसा मागे टाकून पूर्वेस गेले की डोंगरगडचे चंद्रगिरी तीर्थ लागते. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथेच आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचे समाधिमरण झाले. पश्चिमेस रामटेकचे शांतिनाथ मंदिर, दक्षिणेस नवेगावबांधचा तलाव. अंतरे फार नाहीत. तरीही अनेक घरांतील वडीलधारी मंडळी प्रवासाचे नाव काढताच नको म्हणतात. त्यांची अडचण रस्त्याची नसते, चौक्याची असते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी आणि कंदमुळे वर्ज्य असलेला स्वयंपाक वाटेत मिळेलच, याची शाश्वती नसते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून चाकांवरच्या घराची कल्पना आपल्याकडेही परकी राहिलेली नाही. त्यातील एक अगदी लहान प्रकार म्हणजे मोटारीमागे जोडायचा, थेंबाच्या आकाराचा ट्रेलर. अमेरिकेत १९३० च्या दशकात हौशी लोक तो घरीच बांधू लागले. आत दोघांपुरती गादी. मागचे झाकण वर उचलले की ओटा, शेगडी आणि भांड्यांचे कप्पे. म्हणजे आपला चौकाच!

म्हणूनच निवड करताना प्रथम पाहावे ते हे मागचे दालन. ओटा उभ्याने काम करण्याइतका उंच आहे का, पाण्याची टाकी आतून धुता येते का, गाळण्याचे भांडे ठेवण्यास जागा आहे का, हे हाताळूनच ठरवावे. हा ओटा उघड्यावर असतो. अंधार पडल्यावर दिवा लावताच त्यावर कीटक झेपावतात. त्यामुळे दिवसाउजेडी चूल आटोपण्याचा आपला नियम येथे आपोआप सोयीचा ठरतो.

झोपण्याची बाजू मात्र मर्यादित आहे. आत उभे राहता येत नाही. वाकून, सरपटतच शिरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना ते जमणार नाही. त्यांची निजण्याची सोय धर्मशाळेत करावी आणि ट्रेलरकडून केवळ चौक्याचे काम घ्यावे, हेच शहाणपणाचे.

दुसरी कसोटी वजनाची. समजा, रिकामा ट्रेलर ३५० किलोचा आहे. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. त्यात भांडी, शिधा, गॅस आणि अंथरूण यांचे साठ किलो धरले तरी एकूण साडेचारशे किलो होतात. मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिली आहे का, हे आधी वाचावे. ती दिलेली नसेल तर त्या मोटारीला ट्रेलर लावू नये. सामान असे रचावे की एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे येथे ४५ ते ६७ किलो, जोडदांड्यावर येईल. भार मागे गेला तर ट्रेलर वेगात हेलकावे खातो. दरेकसाकडच्या डोंगराळ भागात हे विशेष जपावे. शिवाय लहान ट्रेलर मागे घेताना चटकन आडवा होतो. धर्मशाळेच्या आवारात नेण्यापूर्वी मोकळ्या मैदानात सराव करावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी, विमा, चालकाचा परवाना आणि मोटारीला जोडणी बसविण्याची परवानगी यांविषयी पैसे देण्यापूर्वीच परिवहन कार्यालयातून लेखी खुलासा घ्यावा.

कायद्याने जे वाहन ठरते, ते व्रतातही वाहनच होय. ज्यांनी परिग्रह-परिमाणात वाहनांची संख्या बांधून घेतली आहे, त्यांनी ट्रेलर त्या संख्येत धरावा. दररोज चौदा नियम धारण करणाऱ्यांना तर 'वाहन' आणि 'शयन' या दोन्ही नियमांत त्याचा विचार करावा लागेल. वर्षातून दोनदाच तीर्थयात्रा घडत असेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकच घेणे, किंवा आहे त्या मोटारीत शेगडी, गाळणे आणि डबे नीट बसविणे अधिक योग्य.

चातुर्मासात प्रवास आवरण्याची आपली परंपरा आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनही पावसाळ्यात बंद असते. तेवढा काळ हा हिशेब घरातल्या सर्वांनी एकत्र बसून मांडावा. कार्तिकी पौर्णिमेनंतर आजींच्या नियमाला धक्का न लागता डोंगरगडचे दर्शन घडले, की निवड योग्य झाली असे समजावे. मग मोटारीमागे ट्रेलर असो वा नसो.