पडताळा म्हणजे सिद्धता नव्हे

भूमितीच्या तासास तीन-चार त्रिकोण काढावयाचे, कोनमापकाने कोन मोजावयाचे आणि बेरीज १८० अंश भरली की प्रमेय समजले म्हणून वही मिटावयाची, ही आम्हां विद्यार्थ्यांची नित्याची रीत. या रीतीत धोका आहे, असे आमचे नम्र मत आहे. तो कोणता, हे ४,२९,४९,६७,२९७ या एका संख्येवरून दिसेल.

३ ही संख्या घ्या. तीतून १ वजा करा, बाकीचा वर्ग करा व त्यात १ मिळवा, ५ येतात. तीच क्रिया पुढे केली असता अनुक्रमे १७, २५७ व ६५,५३७ येतात. या पाचही मूळ संख्या होत; १ व ती संख्या स्वतः यांखेरीज कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. फ्रान्समधील थोर गणिती फेर्मा यांनी १६४० साली असे मत मांडले की, ही मालिका कितीही लांबविली तरी तीत मूळ संख्याच येतील. मालिकेतील सहावी संख्या हीच, चार अब्जांहून मोठी. पाच वेळा प्रचीती आल्यावर सहाव्या वेळी शंका कोणी घ्यावी?

ती ऑयलर यांनी घेतली. या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो, हे त्यांनी १७३२ साली दाखविले. गुणाकार करून वाचकांनी खात्री करून घ्यावी. २, ३, ५ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत गेल्यास ६४१ चा क्रमांक ११६ वा लागतो. परंतु या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, हेही ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. मग १९३, २५७, ४४९ व ५७७ यांच्यानंतर पाचव्याच खेपेस ६४१ हाती लागतो. विचाराने श्रम वाचतात ते असे!

आज संगणक हे अवयव क्षणात काढून देतो, मग एवढी यातायात कशास, असे कोणी विचारील. यंत्र विचारलेल्या संख्येपुरते उत्तर देते. न संपणाऱ्या मालिकेविषयीचा निर्णय तर्कानेच करावा लागतो. ६५,५३७ च्या पुढे या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. तथापि ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

फेर्मा यांचे अनुमान चुकले म्हणून त्यांची थोरवी उणावत नाही. आपणांपाशी पूर्ण सिद्धता नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले होते. तोच प्रामाणिकपणा आमच्या वह्यांत यावा. ‘पडताळा पाहिला, सिद्धता ठाऊक नाही,’ असे लिहिण्यास आम्ही लाजू नये. आणि उत्तर बरोबर आले तरीही गुरुजनांनी आम्हांस ‘कशावरून?’ असे अवश्य विचारावे, एवढीच विनंती.