तात्यांचा सदरा

गेल्या महिन्यात अंथुर्ण्याला जाणे झाले. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्यामुळे जिकडे पाहावे तिकडे ऊस. तेथे आमचे थोरले मावसभाऊ राहतात, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्या लेकीचे बाळंतपण माहेरीच झाले होते. नातू सात महिन्यांचा होऊन रांगू लागला तरी आम्ही त्याला पाहिले नव्हते, म्हणून मुद्दाम गेलो.

तात्यांना विडीचे व्यसन तरुणपणापासूनचे. मात्र नातू झाल्यापासून त्यांनी एक नियम कडक पाळला आहे. उंबऱ्याच्या आत विडी पेटवायची नाही. आमच्यादेखत ते ओट्यावर गेले, दोन विड्या ओढल्या, थोटके विझवली, आत आले आणि रांगत आलेल्या नातवाला उचलून छातीशी धरले. पोराने आजोबांच्या सदऱ्याची कड मुठीत धरली आणि तोंडात घालून चोखायला सुरुवात केली.

आम्ही म्हणालो, "तात्या, सदऱ्याला वास येतोय विडीचा."

"आवं, वासानं काय हुतंय? धूर तर भाईरच ऱ्हायला की," तात्या हसून म्हणाले.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या वेळी नीट देता आले नाही. घरी परतल्यावर वाचले, एका जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि कळले ते येथे मांडत आहोत.

ओढणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पोटातही धूर जातो, हे आता आपल्या घराघरांत माहीत आहे. पण धूर विरला म्हणजे तंबाखू गेली असे नाही. धुरातले निकोटिन चिकट असते. ते भिंतीला, पत्र्याला, गोधडीला, डोक्याच्या केसांना, अंगावरच्या कपड्यांना चिकटून बसते. धुळीत मिसळते, आणि नंतर कित्येक दिवस हळूहळू पुन्हा हवेत येत राहते. आपल्याला येतो तो 'वास' म्हणजे हाच माल. या मागे उरलेल्या धुराला थर्डहँड स्मोक असे नाव आहे. २००९ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लेखानंतर ते रूढ झाले.

तात्यांच्या नियमाची परीक्षा मात्र त्याआधीच झाली होती. सॅन दिएगोचे संशोधक जॉर्ज मॅट यांनी २००४ साली तान्ह्या मुलांची घरे तपासली. काही घरांत कोणीच ओढत नव्हते, काहींत बाहेर जाऊन ओढत होते, काहींत घरातच. बाहेर जाऊन ओढणाऱ्यांच्या घरांत तंबाखूच्या धुराचा अंश न ओढणाऱ्यांच्या घरांपेक्षा पाच ते सात पट अधिक सापडला. घरात ओढणाऱ्यांकडे तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे तात्या ओट्यावर जातात ते व्यर्थ नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. पण तेवढ्याने पोर वाचले असेही नाही.

२०१० साली बर्कलेच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चिकटून राहिलेल्या निकोटिनचा हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होतो आणि नायट्रोसामाईन नावाची, कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये तयार होतात. हे आम्ल गॅसच्या ज्योतीतून, गाड्यांच्या धुरातून हवेत येते. एका सतत ओढणाऱ्या माणसाच्या ट्रकच्या केबिनमध्ये ही द्रव्ये भरपूर आढळली. आपल्यात ट्रक-टेम्पो चालवणारे बंधू पुष्कळ आहेत. सुट्टीत लेकराला हौसेने केबिनमध्ये बसवून नेतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला याचा उपद्रव अधिक का, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पोर जमिनीवर रांगते. धूळ हाताला लागते, हात तोंडात जातो. कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने श्वास जास्त. त्यात आपली घरे दोन खोल्यांची, वर पत्रा, एकाच गोधडीत तिघे झोपणार. अंथुर्ण्याच्या आसपास हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोपीत तर चूल, अंथरूण, बापाचा सदरा आणि पाळण्याची झोळी सगळे हाताच्या अंतरावर. विडी सिगारेटपेक्षा बारीक दिसते म्हणून तिला सौम्य समजू नये. ती सारखी विझते, म्हणून झुरके जास्त मारावे लागतात, आणि तिच्या धुरातले निकोटिन सिगारेटपेक्षा कमी नसते.

विडीचा आणि आपल्या माणसांचा संबंध केवळ ओढण्यापुरता नाही. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. हे कामठीचे. त्यांनी विडी कामगारांत संघटना बांधली. १२ जानेवारी १९३९ रोजी ते क्षयाने गेले तेव्हा वय अवघे पस्तीस होते. पुढे निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बाया संघटित झाल्या. त्यांच्यावर १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' नावाचा मराठी माहितीपटही निघाला. इंदापूरच्या पुढे सोलापुरात हजारो बाया आजही घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात जर्दा, आणि बाजूला निजलेले मूल. तेथे विडी पेटवायचीसुद्धा गरज नाही, तंबाखूची धूळच घरभर. या भगिनींना आम्ही काय उपदेश करणार? त्यांची तीच भाकरी आहे. मजुरीबरोबर वळायला वेगळी जागाही मागितली पाहिजे, एवढेच म्हणतो.

आता एक अवघड गोष्ट. तात्यांशी आमचे बोलणे चालले होते तेव्हा वहिनी मध्येच म्हणाल्या, "मी रोज तेच सांगती, पर ऐकतंय कोण!" आम्हाला त्यांचे कौतुक वाटले. दुपारी स्वयंपाकघरातून खोकला यावा असा उग्र धूर आला. पाहतो तर वहिनी जुन्या तव्यावर तंबाखू भाजत होत्या. मिश्रीसाठी! दार लोटलेले, आणि नातू आईजवळ आतच.

आमच्या आईनेही आयुष्यभर मिश्री लावली. सकाळी तिच्या बोटाचा तो काळा रंग आणि पदराचा वास आम्हाला आजही आठवतो, आणि खरे सांगायचे तर तो वास आम्हाला मायेचा वाटे. म्हणूनच बायांच्या तंबाखूवर आपण बोलत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात चारच्या आत भरले, पण बिनधुराची तंबाखू वापरणारे शंभरात चोवीस. मिश्री या दुसऱ्या हिशेबात धरली जाते. पण तव्यावर भाजताना तिचाही धूर होतो आणि तो भिंतीला, भांड्याला, पदराला चिकटतोच. तात्या निदान ओट्यावर जातात!

तरुण मुलांसाठी वेगळे सांगायचे आहे. बारामतीला कॉलेजसाठी किंवा एमआयडीसीत कामाला आलेली मुले चौघा-पाचांत खोली घेतात. आधीचा भाडेकरू ओढणारा असेल तर? जॉर्ज मॅट यांनी २०११ साली अशीच घरे पाहिली. ओढणारी कुटुंबे सोडून गेल्यावर घरे सरासरी दोन महिने रिकामी होती, साफसफाईही झाली होती. तरी नव्याने राहायला आलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवर निकोटिन सापडले. २०२० साली जर्मनीतील माइन्झ येथे एका चित्रपटगृहाची हवा तपासली गेली. आत धूम्रपानाला बंदी, पण प्रेक्षक आत येऊन बसले की हवेत तंबाखूची द्रव्ये वाढत. ती त्यांच्या अंगाकपड्यांवरून आलेली. तेव्हा "मी ओढत नाही, नुसता त्यांच्यात बसतो" म्हणणाऱ्या मुलाने घरी आल्यावर धाकट्या भावंडाला घेण्याआधी शर्ट बदलावा.

उदबत्ती लावून किंवा खिडकी उघडून हे जात नाही. उदबत्तीने फक्त वास झाकतो. भिंत साबणाच्या पाण्याने पुसून मगच रंग द्यावा, नुसता चुना फासू नये. गोधड्या गरम पाण्यात साबणाने धुवाव्यात, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसावी. ओढणाऱ्याने विडीसाठी वेगळा सदरा ठेवावा, तो बाहेरच टांगावा, हात-तोंड साबणाने धुऊन मगच पोराला घ्यावे. मिश्री घरात भाजू नये. आणि सोडायचीच असेल तर सरकारचा मोफत दूरध्वनी १८००-११-२३५६ हा आहे. ज्या विडी-सिगारेटच्या पुडक्यामुळे ही वेळ आली, त्यावरच तो छापलेला असतो.

हे सगळे आम्ही तात्यांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी पोरगं माझा सदरा चोखतंय तवा बिडीच चोखतंय म्हना की." परवा भाचीने कळवले, की ओट्याच्या खांबाला तात्यांनी खिळा ठोकला आहे आणि त्यावर जुना सदरा लटकतो. विड्या दिवसाला किती, ते मात्र ती बोलली नाही. वहिनींच्या तव्याचे विचारले, तर "मामा, ते तुमीच आईला इचारा" म्हणून तिने फोन ठेवला.