हसू कोणावर?
धुळ्याशेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला, पण आमची खरी पसंती त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'ला. यंत्रमागावर राबणारा काटकुळा शफीक शेख त्यात सुपरमॅन झाला. या मंडळींवर 2025 मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला.

हा विनोद आम्हाला का आवडतो? मालेगावकर त्यात आपल्याच गरिबीवर, आपल्याच धुळीवर हसतात. मुलांच्या मोबाइलवरचे बरेच विनोद मात्र दुसऱ्याच्या उंचीवर, रंगावर, तोतरेपणावर चालतात. दुसऱ्या दिवशी तीच नावे वर्गात एखाद्याला चिकटतात. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (आयत 11) खिल्ली उडवण्यास आणि वाईट टोपणनावे ठेवण्यास मनाई आहे.

मुलांना हसू द्या. फक्त सोबत बसून विचारा, 'बेटा, ज्याच्यावर हसलास, तोही हसतोय का?'